ओकच्या राईतील शिकवणी

परदेशी गेलेला मनुष्य परत आला म्हणजे त्याने काय काय पाहिले याची यादी आप्तेष्ट मागतात, आणि त्या यादीत ठरलेली नावे नसली की त्यांचा हिरमोड होतो. सन 2019 च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहरी मुलाकडे राहावयास गेलो, ते एप्रिलच्या मध्यास परतलो. एवढ्या अवधीत समुद्र पाहिला, चित्रसंग्रह पाहिले, जुन्या ग्रंथांचे भांडारही पाहिले. परंतु आमची पावले जेथे सर्वांत अधिक वेळा वळली, व जेथून आम्ही खरोखर काही घेऊन आलो, ती जागा कोणाच्याही यादीत सापडावयाची नाही. शहराच्या वायव्य टोकास ओकच्या झाडांची एक राई आहे. तिचे नाव ओक ग्रोव्ह. तेथे आम्ही काय केले म्हणाल, तर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी प्लॅस्टिकची तबकडी फेकावयास शिकलो! वाचकांस हसू येईल. आमच्या घरातही आधी हसूच झाले.

प्रथम जागेविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. पॅसाडीनाच्या उत्तरेस सॅन गॅब्रिएल पर्वताची भिंत उभी आहे. त्या पर्वतातून एक ओढा खाली येतो. स्पॅनिश लोकांनी त्यास ‘आरोयो सेको’, म्हणजे कोरडा ओढा, असे नाव ठेवले. आणि वर्षातील बहुतेक महिने तो आपले नाव सार्थ करतो. मात्र तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. आम्ही गेलो तेव्हा दूरच्या शिखरांवर बर्फ दिसत होते, आणि ओढ्याच्या रुंद वाळवंटातून गढूळ पाणी धावत होते. पुराला आवर घालण्याकरिता 1920 साली खालच्या अंगास एक धरण बांधले आहे. वरच्या बाजूच्या मोकळ्या खोऱ्यास आता हाहामोंग्ना असे तेथील मूळच्या टोंग्वा लोकांच्या भाषेतले नाव दिलेले आहे, आणि त्याच्याच काठावर ही राई उभी आहे. येथला ओक पानगळीचा नव्हे. तो बारमाही हिरवा राहतो. पाने लहान, जाड, आणि कडेला बारीक काटे असलेली. बुंधे वाकडेतिकडे, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या. त्याची कडवट फळे कुटून, पाण्याने वारंवार धुऊन, टोंग्वा लोक त्यांची पेज करीत. आपल्याकडील एखाद्या जुन्या देवराईत शिरताना जसा आवाज आपोआप खाली येतो, तसे तेथे आमचे झाले.

राईच्या शेजारीच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या इमारती आहेत. 31 ऑक्टोबर 1936 रोजी काही तरुणांनी याच कोरड्या ओढ्यात आपला पहिला अग्निबाण चालवून पाहिला, आणि त्या खटाटोपातून पुढे ही संस्था उभी राहिली. तिचे व्हॉयेजर 2 हे यान 1977 साली निघाले. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून अशा एकेका ग्रहाजवळून जात, पुढच्या मजलेसाठी बहुतेक ठिकाणी वेग मिळवीत, आम्ही तेथे जाण्यापूर्वी तीनच महिने ते सूर्याच्या वाऱ्याच्या पलीकडे पोहोचले होते. स्वतःच्या अंगी फारसे बळ नाही, पण क्रम अचूक, म्हणून ते इतके दूर गेले. ही गोष्ट मुलाने सहज सांगितली. ती आमच्या पुढे फार उपयोगी पडली, म्हणून येथे नमूद केली आहे.

आता खेळाची गोष्ट. फ्रिस्बी नावाची तबकडी आपल्याकडेही मुले समुद्रकाठी फेकतात. तिचा जनक फ्रेड मॉरिसन. 1937 च्या सुमारास डब्याचे पत्र्याचे झाकण व पुढे केक भाजावयाची थाळी फेकून तो खेळू लागला. पुढे त्याने बनविलेली प्लॅस्टिकची तबकडी 1957 साली पॅसाडीनाजवळच्याच सॅन गॅब्रिएल गावच्या व्हॅम-ओ कंपनीने विक्रीस आणली. त्या कंपनीतील एड हेड्रिक या गृहस्थांनी तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार उंचवटे घालून तिचे उड्डाण सुधारले, आणि 1975 साली याच ओक ग्रोव्हमध्ये तबकडीच्या गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. नेहमीच्या गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालावयाचा. येथे तबकडी हाताने फेकून लक्ष्यास पोहोचवावयाची, आणि ज्याच्या फेका कमी तो जिंकला. आरंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब पुरलेले होते. पण ओझरती गेलेली तबकडी खांबास लागली की नाही, हे कोणी ठरवावे? तेव्हा हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या सोडून खाली लोखंडी टोपली बसविली. त्या युक्तीचे पेटंट त्यांना 1977 साली मिळाले. 2002 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या रक्षेचा अंश मिसळून तबकड्या ओतण्यात आल्या. आपण अस्थी गंगेत सोडतो; या गृहस्थांनी त्या वाऱ्यावर सोडल्या! हे ऐकून आमच्या सौ. ने कपाळास हात लावला, परंतु थोड्या वेळाने तीच म्हणाली, “ज्याचा जेथे जीव, तेथे त्याची गती.”

पहिल्या रविवारी आम्ही राईत गेलो तो निव्वळ फिरावयास. मुलगा फेकीच्या ओट्यावर उभा राहिला. त्याने लक्ष्याकडे जवळजवळ पाठ केली, तीन संथ पावले टाकली, आणि काय झाले ते नीट कळण्यापूर्वीच तबकडी दोन बुंध्यांमधल्या फटीतून निघून गेली. पुढे वेग मंदावताच ती उजवीकडे वळली आणि झाडाआड दिसेनाशी झाली. क्षणाने साखळ्यांचा खळखळाट ऐकू आला. आम्ही ‘वाहवा’ म्हणणार, तोच एक गोष्ट लक्षात आली आणि शब्द तोंडातच राहिला. त्याने ती फेक डाव्या हाताने केली होती.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. हा मुलगा जन्मतः डावखुरा. दूधभाताचा पहिला घास त्याने डाव्या हाताने उचलला, आणि त्याच दिवसापासून आमची मोहीम सुरू झाली. जेवताना डावा हात पाठीमागे. तीर्थ, प्रसाद, पेन्सिल, सारे उजव्या हाती. आम्ही पेशाने शिक्षक. कित्ता गिरवून घेण्यात आमचा हातखंडा. पाचव्या वर्षी आम्ही त्याच्या डाव्या मनगटास रुमाल बांधून तो खुर्चीच्या पाठीस अडकवीत असू, आणि उजव्या हाताने रोज एक पान पुरे झाल्यावाचून सोडीत नसू. वर्षभरात तो उजव्या हाताने लिहू लागला. अक्षर मात्र कायमचे वेडेवाकडे राहिले, आणि त्याबद्दलही बोलणी त्यानेच खाल्ली. आमच्या मते प्रश्न सुटला होता. तो खेळावयास जाई, पण तेथे कोणत्या हाताने चेंडू टाकतो, हे पाहावयास आम्ही कधी गेलोच नव्हतो.

त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. त्याने आमच्या हाती एक तबकडी दिली. समुद्रकाठच्या फ्रिस्बीहून ती लहान, पाऊणेदोनशे ग्रॅम वजनाची, व कडेला धार काढल्यासारखी निमुळती. आम्ही ती जीव खाऊन फेकली. ती वर चढली, आकाशात क्षणभर अडली, आणि डावीकडच्या झुडपात जाऊन पडली. अंतर तीस पावलेसुद्धा नसेल. खांदा मात्र दोन दिवस दुखत होता. सौ. म्हणाली, “सुदर्शनचक्र देवालाच शोभते, आपण घरी चला.” परंतु ज्याने जन्मभर दुसऱ्यांस शिकविले, त्यास आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे सहजी सहन होत नाही. आम्ही मुलास म्हणालो, “मला शिकव.” तो क्षणभर पाहात राहिला. मग म्हणाला, “शिकवतो नाना, पण एक अट. आठ दिवस मैदानावर जायचे नाही.”

ते आठ दिवस घरातच शिकवणी झाली. पहिला धडा भोवऱ्याचा. तबकडी पंखाप्रमाणे हवेवर तरंगते खरी, पण तिला सावरून धरते ते तिचे फिरणे. जसा जोराने फिरणारा भोवरा ताठ उभा राहतो आणि मंदावताच कलंडतो. उजव्या हाताने, तळहात आपल्याकडे ठेवून फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, व वेग संपत येताच डावीकडे कलते. डावखुऱ्याची याच्या उलट, उजवीकडे. म्हणून जी वाट उजवीकडे वळते तेथे डावखुऱ्यास सोय. त्या मैदानावर दोन्ही हातांचे खेळाडू आपापली वळणे ओळखून खेळत. कोणी कोणास हात बदलावयास सांगत नसे.

दुसरा धडा दाराच्या चौकटीपाशी. उजवा खांदा चौकटीकडे करून उभे राहावयाचे, उजव्या हाताने चौकट पकडावयाची, उजवे पाऊल जमिनीत रोवावयाचे, आणि हाताने न ओढता कंबर हळूच वळवून पाहावयाची. असे केले म्हणजे ताण पावलातून मांडीत, मांडीतून कमरेत, कमरेतून पाठीत, आणि सर्वांच्या शेवटी हातात येतो. हात हा नुसता दोर आहे. ओढणारा बैल खाली आहे. आम्ही आजवर दोरानेच गाडा ओढू पाहात होतो, आणि खांदा दुखण्याचे कारण तेच होते.

तिसऱ्या धड्यास मुलाने एक लहान हातोडी दिली. ती तबकडीसारखी धरून सावकाश झोका द्यावयाचा. हात पुढे गेला म्हणजे हातोडीच्या डोक्याच्या वजनानेच मनगट उघडते. आपण मुद्दाम झटका देण्याचे कारण नसते. चौथ्या धड्यास त्याने गाठ मारलेला टॉवेल आणला. त्याचे एक टोक धरून, त्याच हालचालीने, तो असा झटकावयाचा की आवाज छातीच्या बाजूला नव्हे, तर पुढे, लक्ष्याच्या दिशेस निघावा. पहिल्याच झटक्यास खणखणीत आवाज निघाला! मुलगा चकित झाला. आम्ही म्हणालो, “अरे, साठ वर्षे स्नानानंतर पंचा पिळून झटकतो आहे.” जी गोष्ट अंगात मुळातच होती, तिच्यावर नवी गोष्ट बसविली की ती चटकन बसते, हे आम्हास त्या दिवशी समजले.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही राईपलीकडच्या मोकळ्या माळावर जाऊ लागलो. शिकवणीची तऱ्हा आमच्या तऱ्हेच्या अगदी उलट होती. आम्ही मुलांस ‘श्री’ पासून आरंभ करून शेवटाकडे नेत असू. याने शेवटापासून आरंभ केला. पाय रोवून उभे राहावयाचे, तबकडी उजव्या छातीजवळ धरावयाची, कोपर पुढे. आणि तेथून केवळ पुढचा हात उलगडून दहा पावलांवर टाकावयाची. ती सरळ व सपाट जाऊ लागली म्हणजे हात थोडा अधिक मागे न्यावयाचा. मग पूर्ण मागे. मग कंबर वळवावयाची. मग एक पाऊल. आणि सर्वांच्या शेवटी ती तीन पावले, ज्यांत मागचा पाय पुढच्याच्या मागून ओलांडून जातो. एखादी पायरी बिघडली की एक पायरी परत. मधूनच केवळ उजव्या पायावर भार देऊन, डाव्याचा अंगठा जेमतेम टेकवून फेकावयास लावी. तोल सुटला तर हात घाई करतो आहे असे समजावे.

तबकडी वर चढून अडण्याचा आमचा दोष मात्र लवकर जाईना. तिची पुढची कड वर उचललेली राहते, म्हणून हवा तिला अडविते, हे कळत होते. पण वळत नव्हते. शेवटी मुलाने सांगितले, “किटलीतून चहा ओतताना मनगट खाली झुकते ना, तेवढेच झुकवा.” त्या दिवशी प्रथमच तबकडी डोक्याच्या उंचीवरून, जमिनीस समांतर, सूं असा आवाज करीत गेली. तो आवाज अजून कानात आहे.

दर वेळी तो दहा तबकड्या देई. दहाही फेकाव्या, मग चालत जाऊन त्या कोठे पडल्या ते पाहावे. सर्व डावीकडे पडल्या असतील तर दोष एकच आहे व तो सापडेल; चोहीकडे विखुरल्या असतील तर आपण थकलो आहो, त्या दिवशी पुरे करावे. आमच्या वयास पूर्ण जोराच्या तीस-चाळीस फेकांहून अधिक तो करू देत नसे. आणि पूर्ण जोर तरी क्वचितच. बहुतेक सराव अर्ध्या जोराने. कारण जोर केला की शरीर घाबरून जुन्या सवयीकडे धावते. टोपलीजवळच्या फेकीचाही असाच नेम: दहा फुटांवरून दहापैकी आठ पडल्या तर एक पाऊल मागे, नाहीतर एक पाऊल पुढे. टोपलीपासून दहा मीटरांच्या आत आणखी एक नियम आहे. तबकडी सोडल्यावर तोल सावरून स्थिर उभे राहिल्याखेरीज आपल्या खुणेच्या पुढे पाऊल टाकता येत नाही. शिक्षकांच्या खोलीत हा नियम लावून ठेवावा, असे आम्हास वाटले.

या सर्व काळात त्याने ‘चुकले’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. दहा फेकांनंतर एकच गोष्ट सांगे: “आता फक्त मनगट.” बाकीचे दोष त्यास दिसत नव्हते असे नाही, त्यांची पाळी यावयाची होती, इतकेच. एकदा आम्ही त्रासून म्हणालो, “तुझ्यासारखी पडत नाही ती माझी.” तो म्हणाला, “माझ्यासारखी कशी पडेल? हात तुमचा आहे. मी फक्त क्रम सांगतो.”

मार्चअखेरीस एका संध्याकाळी खेळ संपवून आम्ही दोघे ओकखालच्या बाकावर बसलो होतो. त्याच्या डाव्या हातावर आमची नजर खिळलेली त्याने पाहिली असावी. आम्ही म्हणालो, “हा हात मी वर्षभर खुर्चीला बांधून ठेवला होता.”

तो म्हणाला, “आठवते मला. वहीत उजवा लिहीत होता. मैदानावर कोणी पाहात नसे, तेथे हा खेळे.” मग थोडे थांबून, “तुम्ही मैदानावर कधी आला नाहीत, ते बरेच झाले असे तेव्हा वाटायचे.”

“आणि आता?”

“आता आलात की.”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. डोंगरावरचे बर्फ तांबूस होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

सरावाने मनुष्य घडतो, यावर आमचा जन्मभर विश्वास होता व आजही आहे. परंतु त्या मुलाच्या बोटांना आम्ही दिलेला सराव, आणि त्याने आमच्या खांद्यास दिलेला सराव, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कळावयास आम्हास अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली. त्याने प्रथम आमचे शरीर पाहिले, त्यात काय आहे ते शोधले, आणि पंचा झटकण्यापासून सुरुवात केली. आम्ही त्याचे शरीर पाहिलेच नाही. वही तेवढी पाहिली. दहा माणसांत साधारण एक डावखुरा जन्मास येतो. तो दोष नव्हे, वळण आहे. ज्या घरी असे मूल असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी नैवेद्याच्या ताटापुरता काय तो आग्रह धरावा. पण पेन्सिल, चेंडू आणि सुई ही मूल ज्या हाताने उचलील त्या हाती राहू द्यावी, एवढीच आमची विनंती.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सर्व मंडळी राईत गेलो. आमची शेवटची फेक छप्पन्न पावले भरली, सौ. ने स्वतः मोजली, आणि तिने मोजल्यामुळे ती वादातीत आहे. तबकडी आणावयास आमची पाच वर्षांची नात धावली. तिने ती उचलली, आणि आमच्याकडे परत फेकावयास हात मागे नेला, तो डावा. मध्येच ती थबकली. आदल्या दिवशी जेवताना आम्हीच सवयीने काहीतरी बोललो असू. ती आजोबांकडे पाहू लागली, आणि तिचा बापही.

आम्ही म्हणालो, “बाळ, ज्या हातात ती सुखाने बसेल त्या हाताने टाक.”

तिने टाकली. ती आठ-दहा पावलांवर पडली आणि उजवीकडे वळत वळत गवतात निजली. मुलगा काही बोलला नाही. तो पुढे गेला, तबकडी उचलून घेऊन आला, आणि नातीला नव्हे, आमच्या हाती देत म्हणाला, “नाना, पुढचा धडा तिला तुम्ही द्या. छातीजवळून सुरू करा.”